षटकोनाचा प्रवास: युद्धाच्या पटापासून अस्वलांच्या जंगलापर्यंत

१/
२०२२ मध्ये 'कॅस्केडिया' या बोर्ड गेमला जर्मनीचा 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षातील सर्वोत्तम खेळ' हा मानाचा पुरस्कार मिळाला. या खेळात सैन्य नाही, राजा नाही, पैसाही नाही. डोंगर, जंगल, गवताळ कुरण, पाणथळ आणि नदी यांच्या षटकोनी टाइल्स एकमेकींना जोडायच्या आणि त्यांवर अस्वल, एल्क हरीण, सॅमन मासा, ससाणा व खोकड यांना वसवायचे. नातवंडांपासून आजीआजोबांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून खेळावा असा हा निरुपद्रवी खेळ. पण त्याच्या मागे अडीच शतकांचा इतिहास आहे, आणि तो मुळीच निरुपद्रवी नाही. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
आधी खेळ समजून घेऊ. आपल्या सारीपाटात पट आधीच आखलेला असतो, खेळाडू फक्त सोंगट्या हलवतो. टाइल मांडण्याच्या खेळात पट आधी नसतोच, तो खेळता खेळता तयार होतो. 'कॅस्केडिया'त समोर चार जोड्या मांडलेल्या असतात: एक टाइल आणि तिच्यासोबत एका प्राण्याची लाकडी चकती. त्यांतली एक जोडी घ्यायची, टाइल आपल्या भूप्रदेशाला जोडायची आणि चकती योग्य अधिवासावर ठेवायची. प्रत्येकाच्या वाट्याला असे वीस डाव येतात. शेवटी प्रत्येकासमोर एक छोटासा देश उभा राहतो.

३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक प्रश्न विचारायला हवा. खेळाच्या पटावर जंगल कशासाठी असते? प्रश्न साधा वाटतो, पण गेल्या अडीचशे वर्षांत त्याचे उत्तर तीनदा बदलले. पहिले उत्तर होते, अडथळा म्हणून. दुसरे, कच्चा माल म्हणून. तिसरे, घर म्हणून. ही तिन्ही उत्तरे क्रमाने पाहू. त्यानंतर ज्या खऱ्या प्रदेशाचे नाव या खेळाला दिले आहे, तिथे जाऊ. तिथे गेल्यावर चौथा प्रश्न उभा राहतो: या पटावरची माणसे कुठे गेली?

४/
पहिले उत्तर: अडथळा.
१७८० मध्ये ब्राउनश्वाइग येथील योहान ख्रिस्तियान लुडविग हेल्विग याने बुद्धिबळावर आधारलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळाच्या पटावर सर्व घरे सारखीच असतात, रणभूमी मात्र तशी नसते. म्हणून त्याने शेकडो घरांचा मोठा पट केला आणि वेगवेगळ्या रंगांनी डोंगर, पाणी, दलदल आणि जंगल दाखवले. ही घरे खेळाडूंना हवी तशी मांडून आपली रणभूमी रचता येत असे. भूप्रदेशाचे तुकडे मांडून देश घडवण्याची कल्पना इथे स्पष्टपणे दिसते.

५/
हा हेल्विग कोण होता? तो गणिताचा अध्यापक होता आणि आपल्या काळातला नावाजलेला कीटकशास्त्रज्ञही होता. जंगलातले जीवन बारकाईने पाहणारा हा माणूस. पण त्याच्या पटावरच्या जंगलात एकही जीव राहत नाही. तिथे जंगल म्हणजे तोफा कुठून नेता येणार नाहीत याची खूण. पुढे १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने चौकोन सोडून देऊन थेट भूनकाशावर युद्धखेळ मांडला आणि प्रशियाच्या सैन्याने तो प्रशिक्षणासाठी स्वीकारला. साधन बदलले, जंगलाचा अर्थ मात्र तोच राहिला.

६/
मग षटकोन कुठून आला? चौकोनी घरांची एक अडचण असते. सरळ शेजारच्या घराचे अंतर एक धरले, तर तिरप्या शेजाऱ्याचे अंतर सुमारे १.४१ होते. त्यामुळे तिरपे जाणारे सैन्य फुकटात पुढे सरकते. षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सहाही सारख्याच अंतरावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन ही संस्था लष्करी डावपेचांचा अभ्यास करत होती. तिथे षटकोनी जाळीचे नकाशे वापरले जात. १९६१ पासून चार्ल्स रॉबर्ट्स याच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने ही जाळी घरगुती युद्धखेळांत आणली. आज ज्या षटकोनावर अस्वलाची चकती ठेवली जाते, तो मुळात शीतयुद्धाच्या नियोजनकक्षातून आलेला आहे.

७/
दुसरे उत्तर: कच्चा माल.
दोन महायुद्धांच्या अनुभवानंतर पश्चिम जर्मनीतील घरांत युद्धखेळांविषयी उत्साह उरला नव्हता. कुटुंबाने एकत्र बसून खेळावे असे, शेवटपर्यंत कोणालाही बाद न करणारे खेळ तिथे रुजले. 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार १९७९ मध्ये प्रथम दिला गेला, तो डेव्हिड पार्लेट याच्या ससा-कासवाच्या शर्यतीवरील खेळाला. या परंपरेतूनच १९९५ मध्ये क्लाऊस टॉयबर याचा 'कतान' आला आणि त्या वर्षीचा हाच पुरस्कार त्याला मिळाला.

८/
'कतान'च्या पटावर १९ षटकोन असतात. जंगलातून लाकूड मिळते, कुरणातून लोकर, शेतातून धान्य, टेकड्यांतून विटा आणि डोंगरातून धातुक. युद्ध गेले, व्यापार आला. जंगल आता वाटेत आडवे येत नाही, ते तुमच्यासाठी उत्पादन करते. या खेळाचे मूळ नाव 'कतानचे वसाहतकरी' असे होते, २०१५ पासून ते केवळ 'कतान' झाले. वसाहतकरी जहाजातून उतरतात तेव्हा बेटावर कोणीही नसते. वाळवंटात फक्त एक लुटारू उभा असतो. तो तिथे कसा आला, हे खेळ सांगत नाही.

९/
रिकामे बेट ही खेळाची सोय आहे, हे मान्य. पण ही सोय कोऱ्या कागदातून आलेली नाही. 'जमीन मोकळी होती, आम्ही ती वसवली' हे वाक्य अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या वसाहतवादी इतिहासात कायदा म्हणून वापरले गेले, शाळेत शिकवले गेले आणि नकाशांवर छापले गेले. खेळाने ते कोणत्याही दुष्ट हेतूने घेतले नाही. ते इतके ओळखीचे झाले होते की ते कोणाचे तरी म्हणणे आहे, हेच लक्षात येईनासे झाले होते.

१०/
आता थोडे टाइलच्या कडेविषयी, कारण पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे. कडा जुळवण्याच्या खेळांचा पद्धतशीर गणिती अभ्यास करणारा माणूस म्हणजे पर्सी मॅकमहॉन. हा ब्रिटिश तोफखान्यातील अधिकारी, काही काळ हिंदुस्थानात नोकरीस होता. रंगीत कडांच्या तुकड्यांवर त्याने एका सहकाऱ्यासोबत १८९२ मध्ये पेटंट घेतले आणि १९२१ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. याच मॅकमहॉनने १ ते २०० या संख्यांची विभाजने हाताने मोजून काढली होती. १९१८ मध्ये रामानुजन आणि हार्डी यांनी आपले प्रसिद्ध सूत्र पडताळले, ते त्याच्या या कोष्टकावर.

११/
कडा जुळवण्याचे तत्त्व २००० मध्ये 'कार्कासोन' या खेळामुळे घरोघरी पोहोचले. क्लाऊस-युर्गेन व्रेडे याच्या या खेळात ७२ टाइल्स असतात. रस्त्याला रस्ता आणि तटबंदीला तटबंदी जुळलीच पाहिजे, हा सक्तीचा नियम. खेळाला दक्षिण फ्रान्समधील तटबंदीच्या शहराचे नाव दिले आहे. त्या शहराचे आजचे 'मध्ययुगीन' रूप बऱ्याच अंशी १९ व्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने केलेल्या जीर्णोद्धाराचे आहे. खेळातला भूगोल नेहमी निवडलेला आणि दुरुस्त केलेला असतो, हे इथेही दिसते.

१२/
तिसरे उत्तर: घर.
२०२१ मध्ये आलेल्या 'कॅस्केडिया'त निर्माता रँडी फ्लिन याने जंगलाचा अर्थच बदलला. इथे जंगल काही पुरवत नाही, तिथे कोणीतरी राहते. प्राण्यांचे गुण त्यांच्या स्वभावाशी जोडलेले आहेत. सॅमन ओळीने असावेत, जणू ते नदीतून वर चालले आहेत. ससाण्याला दुसरा ससाणा शेजारी नको. खोकडाचे गुण शेजारी कोणकोणते प्राणी आहेत यावर ठरतात. आणि कडा जुळल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. मात्र सलग अधिवास जितका मोठा, तितके गुण अधिक. तुकडे पडले तर शिक्षा होत नाही, पण त्यांचे मोल घटते.

१३/
हा शेवटचा नियम म्हणजे संवर्धनशास्त्राचा गाभा आहे. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि एकाकी, तितक्या तिथे टिकणाऱ्या प्रजाती कमी. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले की रस्ते, शेते आणि शहरे यांनी वेढलेले जंगलही एक बेटच असते. त्यातून 'संचारमार्ग' ही कल्पना पुढे आली: अधिवासाचे तुकडे एकमेकांना जोडले पाहिजेत. वीस डावांच्या खेळात मुले नकळत हेच शिकतात. इथपर्यंत ही कथा प्रगतीची वाटते.

१४/
पण कॅस्केडिया हे काल्पनिक बेट नाही. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, अलास्काच्या दक्षिण टोकापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या प्रदेशाला हे नाव दिले जाते. सिअ‍ॅटलचे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लॉस्की यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना रुजवली. राज्यांच्या आणि देशांच्या सीमा बाजूला ठेवून पाणी कुठून कुठे वाहते यावरून प्रदेश ओळखावा, असा तिचा आग्रह. नाव आले कॅस्केड पर्वतरांगेवरून. आणि त्या पर्वतरांगेला नाव मिळाले कोलंबिया नदीतील 'कॅस्केड्स' या फेसाळत उतरणाऱ्या द्रुतप्रवाहांवरून.

१५/
ते द्रुतप्रवाह आज दिसत नाहीत. १९३८ च्या सुमारास बॉनव्हिल धरणाच्या जलाशयात ते बुडाले. म्हणजे ज्या कोसळत्या पाण्याचे नाव पर्वताला, पर्वताचे प्रदेशाला आणि प्रदेशाचे या खेळाला मिळाले, ते पाणी कोसळायचे थांबून ऐंशीहून अधिक वर्षे झाली. खेळातली नदी सलग जोडली तर गुण मिळतात. खरी कोलंबिया नदी विसाव्या शतकात एकापाठोपाठ एक धरणांनी तोडली गेली.

१६/
कोलंबियाच्या मुखापासून सुमारे ३०० किलोमीटर आत सेलायलो धबधबा होता. समुद्रातून परतणारे सॅमन मासे इथे उड्या मारत वर चढत आणि काठावरचे लोक लाकडी मचाणांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी त्यांना पकडत. हे किमान दहा हजार वर्षे चालू होते. मासेमारीबरोबर इथे मोठा बाजार भरे, दूरदूरच्या जमाती व्यापारासाठी येत. १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम इथे पोहोचली तेव्हा त्यांना गजबजलेली वस्ती दिसली, निर्जन निसर्ग नव्हे.

१७/
१० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांतच सेलायलो धबधबा पाण्याखाली गेला. त्याआधी वरच्या भागात ग्रँड कूली धरण उभे राहिले होते, १६८ मीटर उंच. त्याला माशांसाठी वर जाण्याची वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे त्यापलीकडच्या साऱ्या उपनद्यांत सॅमनचे येणे कायमचे थांबले. जून १९४० मध्ये त्या जलाशयात बुडणाऱ्या केटल फॉल्स धबधब्यापाशी अनेक जमाती जमल्या आणि त्यांनी तीन दिवस निरोपाचा विधी केला. तो 'अश्रूंचा सोहळा' म्हणून ओळखला जातो.

१८/
आता खेळातील पिवळी टाइल घ्या, गवताळ कुरणाची. ती पाहून वाटते, हा निसर्गच. ऑरेगनमधील विलामेट खोऱ्याची कुरणे पाहिली तर उत्तर वेगळे मिळते. तिथले कलापूया लोक ठरावीक ऋतूत गवताला आग लावत. त्यामुळे झाडोरा माजत नसे, ओकची झाडे विरळ राहत, हरणांना कोवळे गवत मिळे आणि कामास या निळ्या फुलांच्या कंदाचे भरपूर पीक येई. वसाहतकऱ्यांनी ही आग थांबवल्यावर अनेक कुरणांवर जंगल चढले. म्हणजे तिथले कुरण हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मानवी श्रमाचा आणि ज्ञानाचा परिणाम होता.

१९/
मग वसाहतकऱ्यांना तो प्रदेश रिकामा का वाटला? कारण तो नुकताच रिकामा झाला होता. १८३० नंतरच्या काही वर्षांत हिवतापाच्या साथीने कोलंबियाच्या खालच्या भागातील आणि विलामेट खोऱ्यातील मूळ रहिवाशांचा फार मोठा हिस्सा मेला. १८५० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला: ऑरेगनमध्ये स्थायिक होणाऱ्या एकट्या गोऱ्या पुरुषास ३२० एकर, विवाहित जोडप्यास ६४० एकर जमीन. जमातींनी ती जमीन कोणत्याही तहाने दिलेली नसताना हे वाटप सुरू झाले. रिकामी जमीन सापडली नव्हती. साथीने आणि कायद्याने ती रिकामी झाली.

२०/
माणसे मात्र नाहीशी झाली नाहीत, आणि हा या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग. १८५४-५५ च्या तहांत जमातींनी जमीन गमावली, पण पूर्वापार जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्य सरकारने याच हक्काला गुन्हा ठरवले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनिअर यांना १९४५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मासे पकडल्याबद्दल प्रथम अटक झाली. आयुष्यात त्यांना पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: पकडण्याजोग्या माशांतील निम्म्या माशांवर तहातील जमातींचा हक्क आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मूलतः कायम ठेवला.

२१/
या हक्कांमुळे नद्यांचे भवितव्यही बदलले. मासे पकडण्याचा हक्क असेल, तर नदीत मासे असायला हवेत. वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये पूर्ण झालेली दोन धरणे होती. लोअर एल्व्हा क्लालम जमातीने ती हटवावीत म्हणून दीर्घ लढा दिला आणि २०११ ते २०१४ या काळात ती पाडली गेली. जलाशय ओसरल्यावर जमातीच्या परंपरेतील उत्पत्तिस्थान पुन्हा उघडे पडले. सॅमन वरच्या पात्रात परतले. २०२४ मध्ये क्लॅमथ नदीवरील चार धरणे हटवल्यावर काही आठवड्यांतच मासे वर पोहोचले.

२२/
जमिनीवरही असेच काम चालू आहे. वॉशिंग्टनमधील स्नोक्वाल्मी खिंडीतून जाणारा महामार्ग कॅस्केड पर्वतातील अधिवास मधोमध चिरत होता. तिथे रस्त्याच्या वरून प्राण्यांसाठी माती आणि झाडाझुडपांनी आच्छादलेला रुंद पूल बांधला गेला. एल्क हरणे आता त्यावरून पलीकडे जातात. 'कॅस्केडिया'चा नियम, तुकडे जोडा, सलगता राखा, इथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. फरक एवढाच की खऱ्या प्रदेशात हे तुकडे माणसांनी तोडले होते आणि माणसांनीच, अनेकदा मूळ रहिवाशांच्या आग्रहाने, पुन्हा जोडले.

२३/
म्हणून 'कॅस्केडिया' हा वाईट खेळ आहे का? मुळीच नाही. जंगलाला अडथळा आणि कोठार समजणाऱ्या दीर्घ परंपरेनंतर त्याने जंगलाला घर म्हटले, हे मोठे वळण आहे. मात्र त्या घरातून त्याने सर्वच माणसांना बाहेर ठेवले. वसाहतकऱ्यांना वगळताना कलापूया, निस्क्वाली आणि क्लालमही वगळले गेले. 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' ही कल्पना आपल्याला पवित्र वाटते. त्या प्रदेशाच्या इतिहासात मात्र तिने अनेकदा 'मोकळ्या जमिनी'चेच काम केले. ज्यांनी कुरण राखले, त्यांचे नाव दोन्ही नकाशांवर नाही.

२४/
२००८ मध्ये सोनार यंत्रणेने कोलंबिया नदीच्या तळाची पाहणी झाली. सेलायलोचे खडक, कडे आणि घळी पाण्याखाली जशाच्या तशा असल्याचे आढळले. धबधबा नष्ट झालेला नाही, झाकला गेला आहे. टाइल मांडण्याचा खेळ पुढच्या वेळी खेळाल तेव्हा मनसोक्त खेळा, अस्वलांना जोडीदार द्या, सॅमनची रांग तुटू देऊ नका. आणि पट पूर्ण झाला की सोबतच्या लहानग्यांना एक प्रश्न जरूर विचारा: इथे आधी कोण राहत होते?

धागा इथे पूर्ण. आवडला तर पुढे पाठवा. दुसऱ्या एखाद्या खेळाच्या पटावर असाच इतिहास दिसला असेल तर खाली लिहा, त्यावरही सविस्तर बोलू.